लॅपटॉपची महागडी स्क्रीन : डोळ्यांसाठी किती गरजेची?

जून महिना म्हणजे आमच्या किनाऱ्यावर होड्या शाकारण्याचा महिना. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते आणि नेमकी त्याच दिवसांत शाळा-कॉलेजच्या प्रवेशांची घाई असते. येणारा पैसा थांबलेला आणि जाणारा पैसा दारात उभा, अशी कोळीवाड्यातील कित्येक घरांची दर पावसाळ्यातील स्थिती. अशाच एका जूनमध्ये एक नाखवा आपल्या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. ताप नाही, खोकला नाही. नाखवांच्या हातात दुकानदाराने लिहून दिलेली दोन कोटेशने होती.

मुलीला लोणेऱ्याला संगणक शाखेत प्रवेश मिळण्याची आशा होती, म्हणून लॅपटॉप घ्यायचा होता. दोन्ही यंत्रे आतून जवळजवळ सारखीच. फरक स्क्रीनचा. एकीची साधी 'फुल एचडी', दुसरीची 'फोर-के'. किमतीत फरक अठरा हजारांचा.

"डॉक्टर, दुकानवाला बोलतो, भारी घेतली तर पोरीचे डोले सांभालले जातील. नाय तर चष्मा लागंल. मना त्यातला काय कलत नाय. तुमी सांगाल तसा करू," नाखवा म्हणाले.

घरच्या पाटल्या सोनाराकडे ठेवायची त्यांची तयारी होती. मुलगी खाली मान घालून बसली होती. मग हळूच म्हणाली, "काका, मला मोबाइलवर अभ्यास केला की रोज संध्याकाळी डोकं दुखतं. म्हणून बाबा घाबरलेत."

असा प्रश्न आजकाल महिन्यातून दोन-तीनदा तरी माझ्यापुढे येतो. कधी विद्यार्थ्यांचे पालक येतात, कधी बँकेतले कर्मचारी, कधी सेवानिवृत्त मंडळी. मी नेत्रतज्ज्ञ नाही, साधा एमबीबीएस डॉक्टर आहे. पण या प्रश्नाचे उत्तर समजायला मोठ्या पदवीची गरज नाही. थोडे शाळेतले गणित आणि डोळ्यांविषयीची थोडी माहिती पुरते. ती आज आपण समजून घेऊ.

ठिपक्यांचे चित्र

वाचकहो, तुमच्या हातात जे वर्तमानपत्र आहे, त्यातले एखादे छायाचित्र भिंगाखाली धरून पाहा. तेथे चेहरा दिसत नाही, ठिपकेच ठिपके दिसतात. भिंग बाजूला केले की ठिपके एकमेकांत मिसळतात आणि चेहरा उमटतो. लॅपटॉपची स्क्रीनही अशीच ठिपक्यांची बनलेली असते. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. स्क्रीनचे 'रिझोल्यूशन' म्हणजे आडवे किती आणि उभे किती ठिपके आहेत, त्याचा हिशेब.

जुन्या किंवा अगदी स्वस्त लॅपटॉपवर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात. एकूण सुमारे साडेदहा लाख. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, एकूण २० लाख ७३ हजार ६००. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, एकूण सुमारे ८३ लाख. म्हणजे फोर-केमध्ये फुल एचडीच्या बरोबर चौपट ठिपके. दुकानदार 'चौपट स्पष्ट' असे जे सांगतो, ते येथून येते.

परंतु स्क्रीनचा आकार तोच आहे. १५.६ इंची स्क्रीन साधारण साडेचौतीस सेंटीमीटर रुंद असते. तेवढ्याच जागेत जास्त ठिपके बसवायचे तर प्रत्येक ठिपका लहान करावा लागतो. भागाकार करून पाहिला तर जुन्या स्क्रीनचा ठिपका ०.२५ मिलिमीटरचा येतो, फुल एचडीचा ०.१८ मिलिमीटरचा आणि फोर-केचा ०.०९ मिलिमीटरचा. आता खरा प्रश्न असा, की इतके बारीक ठिपके आपल्या डोळ्याला वेगवेगळे दिसतात का? दिसतच नसतील, तर ते आणखी बारीक करून घेण्यासाठी पैसे का मोजायचे?

डोळ्याची मर्यादा

दवाखान्यात भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावलेला असतो. वर एक मोठे अक्षर आणि खाली उतरत्या भाजणीने लहान होत जाणाऱ्या ओळी. हा तक्ता हर्मन स्नेलन या डच नेत्रवैद्यांनी १८६२ साली तयार केला. सहा मीटरवरून जी ओळ निरोगी डोळ्याला वाचता यावी, तिला आपण ६/६ ची ओळ म्हणतो. त्या ओळीतले अक्षर साधारण पावणेनऊ मिलिमीटर उंच असते आणि त्याच्या प्रत्येक रेघेची जाडी डोळ्याशी एक कलेचा कोन करते.

कला हा शब्द पंचांग पाहणाऱ्यांना ठाऊक असेल. वर्तुळाचे अंश ३६० आणि एका अंशाच्या कला ६०. दोन ठिपक्यांमधील अंतर एक कलेपेक्षा कमी झाले, की ६/६ नजरेच्या माणसाला ते दोन न दिसता एकच दिसतात.

आपल्या परिसरातले उदाहरण देतो. अलिबागच्या समुद्रात कुलाबा किल्ला आहे. एक किलोमीटर अंतरावर एक कला म्हणजे सुमारे २९ सेंटीमीटर, एका वितीहून थोडे जास्त. तेव्हा तेवढ्या लांबून किल्ल्याकडे पाहताना तटावर एकमेकींपासून एका वितीवर रोवलेल्या दोन काठ्या चांगल्या नजरेच्या माणसालाही एकच काठी वाटतील. जवळ गेलो तर त्या वेगळ्या होतील. म्हणजे स्पष्ट दिसणे हे वस्तूवर, तिच्या अंतरावर आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यावर, अशा तिन्ही गोष्टींवर अवलंबून असते. दुकानदार यातल्या पहिल्या गोष्टीबद्दलच बोलतो.

आता हाच हिशेब लॅपटॉपला लावू. लॅपटॉप साधारण हाताच्या अंतरावर, म्हणजे ६० सेंटीमीटरवर असावा. तेथे एक कला म्हणजे ०.१७ मिलिमीटर. जुन्या स्क्रीनचा ठिपका ०.२५ चा, म्हणजे मर्यादेपेक्षा मोठा. तो डोळ्याला जाणवतो आणि अक्षराच्या कडा दातेरी दिसतात. फुल एचडीचा ०.१८ चा ठिपका जवळजवळ मर्यादेवर येऊन थांबतो. फोर-केचा ०.०९ चा ठिपका मर्यादेच्या पार खाली जातो. म्हणजे जुन्या स्क्रीनवरून फुल एचडीवर आलात तर डोळ्याला फरक कळेल. फुल एचडीवरून फोर-केवर गेलात तर हाताच्या अंतरावरून बहुतेकांना तो फारसा कळणार नाही.

येथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. तरुण डोळ्यांची नजर कित्येकदा ६/६ पेक्षाही चांगली, ६/५ असते. शिवाय रेघेतली बारीकशी पायरी किंवा वाकडेपणा ओळखण्यात डोळा फार तरबेज असतो. त्यामुळे मर्यादेच्या थोड्या खालच्या स्क्रीनचाही काही जणांना थोडा फायदा वाटतो. फुल एचडी आणि फोर-के यांच्या मधल्या, २५६० ठिपक्यांच्या स्क्रीन मिळतात. किमतीत फरक थोडा असेल तर दिवसभर वाचन करणाऱ्याने त्यांचा विचार करायला हरकत नाही.

उलट बाजूही लक्षात घ्यावी. ज्याची नजर चष्म्यासह ६/९ पर्यंतच येते, त्याची मर्यादा दीड कलेची. ६० सेंटीमीटरवर ती ०.२६ मिलिमीटर होते. अशा व्यक्तीला जुनी स्क्रीन आणि फुल एचडी यांतलाही फरक जेमतेम जाणवेल. तिने फोर-केवर पैसे घालणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

मराठी वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावे

मात्र एका बाबतीत आपल्याला इंग्रजी वाचणाऱ्यांपेक्षा जास्त काळजी घ्यावी लागते. देवनागरी अक्षराला डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार. हे सारे एका ओळीच्या उंचीत बसवायचे असल्याने मूळ अक्षराला जागा कमी उरते. घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांत फरक तो केवढा? एका गाठीचा किंवा एका रेघेचा. ठिपके जाड असले की नेमका हाच फरक बुजतो.

याबाबत माझी स्वतःची एक चूक सांगतो. लग्नपत्रिका जुळवून देणारे एक गृहस्थ डोळे चुरचुरतात, डोके जड होते, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे येत. वय सत्तेचाळीस. मी म्हटले, चाळिशी लागली आहे, चष्मा करा. त्यांनी केला. तक्रार राहिलीच. मी नंबर पुन्हा तपासून घ्यायला सांगितले. त्यांनी चष्मा बदलला, तरीही तेच. शेवटी एक दिवस ते हसत म्हणाले, "डॉक्टरसाहेब, काल 'शुभविवाह' चा 'शुमविवाह' छापला गेला. शंभर पत्रिका रद्दीत गेल्या." मी विचारले, "चष्मा लावून वर्तमानपत्र नीट वाचता येते?" ते म्हणाले, "अगदी स्वच्छ." तेव्हा मला शहाणपण सुचले. मी लॅपटॉप आणायला सांगितला. तो १३६६ ठिपक्यांचा जुना, मोठ्या आकाराचा होता आणि त्यावर भ आणि म ओळखताना मलाही कपाळाला आठ्या घालाव्या लागल्या. दिवसाचे आठ तास ते गृहस्थ असे डोळे ताणून बसत होते. त्यांना चांगली स्क्रीन खरोखरच हवी होती आणि मी त्यांना दोनदा चष्म्याच्या दुकानात पाठवले. फुल एचडी स्क्रीन घेतल्यावर महिन्याभरात त्यांची तक्रार बरीच कमी झाली.

यावरून मी एक सोपी कसोटी तयार केली. ती कात्रण करून ठेवण्याजोगी आहे.

कागदाची कसोटी

स्क्रीनवर अंधूक दिसत असेल तर स्क्रीन बंद करा आणि त्याच अंतरावर, चांगल्या उजेडात, तेवढ्याच आकाराची छापील अक्षरे धरा. नेहमीचा चष्मा असेल तर तो लावा. एकेक डोळा झाकून वाचा. कागदावरचे स्वच्छ दिसते आणि स्क्रीनवरचे दिसत नाही, तर दोष स्क्रीनचा किंवा तिच्या मांडणीचा असण्याची शक्यता जास्त. कागदावरचेही अंधूक दिसत असेल तर दोष डोळ्याचा किंवा चष्म्याचा. मग लॅपटॉपच्या दुकानात न जाता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

ही कसोटी किती मोलाची आहे, हे एका सेवानिवृत्त शिक्षकांच्या उदाहरणाने मला पटले. त्यांना लॅपटॉपवर वाचताना अक्षरे पुसट दिसू लागली. त्यांनी आधी स्क्रीन पुसली, मग प्रकाश वाढवला आणि शेवटी परगावच्या मुलाने वडिलांसाठी चांगली महाग स्क्रीन असलेला नवा लॅपटॉप पाठवला. पहिले काही आठवडे बरे वाटले, कारण नवी स्क्रीन जास्त उजळ होती. मग पुन्हा पुसट. माझ्याकडे आले ते पायाच्या जखमेसाठी, आणि बोलता बोलता डोळ्यांचा विषय निघाला. रक्तातील साखर तपासली, ती २८० निघाली. मधुमेह किती वर्षांचा होता कोण जाणे. नेत्रतज्ज्ञांनी बाहुल्या मोठ्या करून तपासले, तर दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिपटलावर मधुमेहाचे परिणाम झालेले आणि एका डोळ्यात मध्यभागी सूज. उपचार झाले, पुढची हानी थांबली. पण त्या डोळ्याची गेलेली नजर पूर्ण परत आली नाही. स्क्रीनला दोष देण्यात त्यांचे सहा-सात महिने गेले होते. ते मला म्हणाले, "डॉक्टर, वर्तमानपत्रही नीट दिसत नव्हते हो. पण मला वाटले, छपाईच हल्ली खराब झाली आहे."

म्हणून चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने नवी स्क्रीन घेण्याआधी डोळे आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी. मधुमेह असलेल्यांनी नजर चांगली असली तरी वर्षातून एकदा दृष्टिपटलाची तपासणी करावी. सुरुवातीच्या काळात हा आजार काहीच लक्षण दाखवत नाही.

चाळिशीचा चष्मा आणि लॅपटॉपचे अंतर

चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचे दिसेनासे होते. म्हणून तर त्या चष्म्यालाच आपण 'चाळिशी' म्हणतो. हा चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी, म्हणजे ३५ ते ४० सेंटीमीटरसाठी बनवलेला असतो. लॅपटॉप असतो त्याहून लांब. त्यामुळे काही जण पुढे वाकतात, तर दोन भिंगांचा चष्मा लावणारे हनुवटी वर करून खालच्या भिंगातून पाहतात. मग मान आखडते, खांदे दुखतात आणि खापर फुटते स्क्रीनच्या माथी. चष्मा करताना आपण किती अंतरावरून लॅपटॉप पाहतो, ते दोरीने मोजून सांगावे. दिवसभर संगणकावर काम करणाऱ्याने त्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घेतल्यास पुष्कळ आराम पडतो.

आणखी एक गंमत. स्क्रीनवर ठिपके जास्त असले आणि अक्षरांचा आकार वाढवून घेतला नाही, तर अक्षरे आधीपेक्षा लहान दिसतात. महाग स्क्रीन घेऊन डोळे बारीक करून वाचणारे लोक मी पाहिले आहेत. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन स्केल १२५ किंवा १५० टक्के करावे, फोर-के असेल तर २०० टक्केही. अक्षरे मोठी करायला एक पैसाही लागत नाही. माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी येथेच मिटतात.

डोळे खरोखर कशाने दमतात?

आपण साधारणपणे मिनिटाला पंधरा ते वीस वेळा पापण्यांची उघडझाप करतो. स्क्रीनकडे टक लावून पाहताना ती बरीच कमी होते. डोळ्यावरचा अश्रूंचा पातळ थर सुकतो आणि चुरचुर, लाली, क्षणभर अंधूक दिसणे सुरू होते. त्यात वरून पंख्याचा झोत तोंडावर असेल तर विचारूच नका. फोर-के स्क्रीन पापण्या मिटवून देत नाही. ते काम आपले आपल्यालाच करावे लागते.

दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे. आपल्याकडे तर खिडकीतून माड दिसतात, तेच पाहा. वाचताना अधूनमधून मुद्दाम पापण्या मिटा. पंखा बाजूने घ्या. स्क्रीनचा वरचा काठ डोळ्यांच्या पातळीत किंवा थोडा खाली असावा. खिडकी किंवा दार पाठीमागे नको, कारण प्रकाश स्क्रीनवर चमकतो. अगदी समोरही नको, कारण मग डोळे दिपतात. खिडकी बाजूला असणे उत्तम. ओटीवर बसून काम करणाऱ्यांनी हे जरूर पाहावे.

गादीवर लोळत, लॅपटॉप छातीवर ठेवून वाचण्याची सवय तरुणांना फार. तेव्हा अंतर ३५-४० सेंटीमीटरच राहते. डोळ्यांवर ताण वाढतो, मान दुखते आणि फुल एचडीचे ठिपकेही दिसू लागतात. मग 'स्क्रीन खराब' असा निष्कर्ष निघतो! लॅपटॉप टेबलावर ठेवावा, हा त्यावरचा उपाय.

निळ्या प्रकाशापासून संरक्षण देणाऱ्या काचांचीही हल्ली खूप जाहिरात होते. उपचारांचे पुरावे पारखणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०२३ साली यावरच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या काचांच्या तुलनेत या काचांनी स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा निदान अल्पकाळात तरी कमी होतो, असे त्यात दिसले नाही. त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. रात्री झोपण्यापूर्वी तासभर स्क्रीन बंद ठेवावी, हे त्याहून चांगले आणि फुकट.

औषधाच्या दुकानातून परस्पर डोळ्यांचे थेंब आणून घालू नका. त्यातल्या काहींत स्टिरॉइड असते. लाली लगेच जाते, माणूस खूश होतो आणि महिनोन्महिने तेच घालत राहतो. त्याने डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. मध, गुलाबपाणी असले घरगुती उपायही डोळ्यांत नकोत.

लहान मुलांबद्दल एवढेच सांगतो, की त्यांचा नंबर वाढू नये म्हणून महाग स्क्रीनपेक्षा मोकळे आकाश उपयोगी पडते. रोज सुमारे दोन तास बाहेरच्या उजेडात घालवणाऱ्या मुलांमध्ये लांबचे न दिसण्याचा दोष कमी प्रमाणात उद्भवतो, असे अनेक देशांतील पाहण्यांतून आढळले आहे. आपल्याला तर देवाने एवढी पुळण दिली आहे. मुलांना तेथे खेळायला सोडा.

दुकानात काय पाहावे?

१. दोन्ही लॅपटॉपवर एकच मराठी मजकूर उघडायला सांगा. अक्षरांचा आकार आणि स्क्रीनचा प्रकाश दोन्हींवर सारखा करून घ्या. महाग स्क्रीन बहुधा जास्त उजळ ठेवलेली असते आणि उजळ म्हणजेच स्पष्ट असा आपला समज होतो.

२. आपला चष्मा लावून, हाताच्या अंतरावर बसून, पाच मिनिटे वाचा. नाक लावून पाहू नका. घरी तुम्ही तसे वाचणार नाही.

३. स्क्रीन थोडी तिरपी करा. रंग उडाले किंवा काळवंडले तर ती घेऊ नका. 'आयपीएस' प्रकारच्या स्क्रीनवर हा दोष फारसा नसतो. ठिपक्यांच्या संख्येपेक्षा ही बाब महत्त्वाची.

४. स्क्रीन चकचकीत आहे की मंद पृष्ठभागाची, ते पाहा. दुकानातली ट्यूबलाइट तुम्हाला स्क्रीनमध्ये लख्ख दिसत असेल तर घरचे दार-खिडकीही दिसेल. वाचनासाठी मंद पृष्ठभाग बरा.

५. प्रकाश अगदी कमी करून स्क्रीनसमोर पेन्सिल भराभर हलवा. सलग पट्टा दिसण्याऐवजी अनेक वेगवेगळ्या पेन्सिली दिसल्या, तर स्क्रीन डोळ्याला न कळेल इतक्या वेगाने लुकलुकते आहे. काही जणांना त्याने डोकेदुखी होते.

६. बॅटरी किती वेळ चालते ते विचारा. बाकी सारे सारखे असेल, तर जादा ठिपक्यांच्या स्क्रीनला वीज जास्त लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडच्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. पावसाळ्यात लाइट जाणे आपल्याला नवे नाही. अशा ठिकाणी तासभर जास्त चालणारी बॅटरी ही न दिसणाऱ्या ठिपक्यांपेक्षा मोलाची.

थोडक्यात, नवा लॅपटॉप घेताना फुल एचडीपेक्षा कमी घेऊ नये. तेथे चार पैसे वाचवणे डोळ्यांना महाग पडते, मराठी वाचणाऱ्यांना तर अधिकच. त्यापुढचा खर्च छायाचित्रे, नकाशे, छपाई, व्हिडिओ यांचे बारीक काम पोटापाण्यासाठी करणाऱ्यांनी करावा. तो त्यांच्या धंद्याचा खर्च आहे. मात्र फोर-के घेतली नाही म्हणून कोणाला चष्मा लागत नाही आणि घेतली म्हणून कोणाचा चष्मा जात नाही.

पुढे काय झाले?

आता पुन्हा नाखवांच्या मुलीकडे येतो. तक्त्यासमोर उभे केले तर तिची उजव्या डोळ्याची नजर ६/१२ आणि डाव्याची ६/९ भरली. मी एका पुठ्ठ्याला सुईने भोक पाडून त्यातून तिला पाहायला सांगितले. खालच्या ओळी ती भराभर वाचू लागली. बारीक भोकातून नजर सुधारली की बहुधा दोष नंबरचा असतो. मी तिला तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांकडे पाठवले. दोन्ही डोळ्यांना सिलिंडरचा नंबर निघाला. हा नंबर असला की लांबचे आणि जवळचे दोन्ही नीट जुळत नाही, डोळे सतत ताणले जातात आणि संध्याकाळी डोके दुखते. म्हणजे चष्मा स्क्रीनमुळे लागणार नव्हता. तो आधीच लागला होता, फक्त कोणी तपासले नव्हते.

नाखवांना मी म्हटले, "पाटल्या घरातच राहू द्या. आधी चष्मा करा. पंधरा दिवस तो लावून पोरीचे डोके दुखते का ते पाहा. मग दुकानात जा." ते विचारात पडले. म्हणाले, "म्हणजे इतकी वर्सं पोर असाच वाचत होती?" त्यावर मला चटकन उत्तर देता आले नाही. शाळेची दहा वर्षे ती मुलगी फळ्याकडे डोळे बारीक करून पाहत आली होती, आणि वर्षातून दोन-तीनदा तापखोकल्यासाठी माझ्याकडेही येत होती. तक्त्यासमोर उभे करायला मलाही दोन मिनिटे सापडली नव्हती.

महिन्याभराने बापलेक पेढे घेऊन आले. डोकेदुखी थांबली होती. दुकानात तिने चष्मा लावून, प्रकाश सारखा करून, दोन्ही स्क्रीनवर मराठी पान वाचून पाहिले. "काका, अगदी जवळ गेलं तर फरक कळतो. टेबलावर ठेवला की नाही कळत," ती म्हणाली. फुल एचडीचा लॅपटॉप घेतला होता. वाचलेल्या पैशांत वसतिगृहाची अनामत रक्कम भरली गेली.

त्या दिवसापासून मी माझ्या दवाखान्यात एक नियम केला आहे. सहा ते सोळा वयाचे मूल कोणत्याही कारणाने आले, तरी वर्षातून एकदा त्याला तक्त्यासमोर उभे करायचे. पालकांनीही हे घरी करावे. एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरवरील तारखा लांबून वाचायला लावाव्यात. दोन डोळ्यांत फरक आढळला तर तपासणी करून घ्यावी. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात कोणत्या वारी नेत्रतपासणी असते, ते आधी विचारून जावे.

आणि खालीलपैकी काही आढळले तर लॅपटॉप, चष्मा कशाचाही विचार न करता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे : एका डोळ्याची नजर अचानक कमी होणे, डोळ्यासमोर एकाएकी काळे ठिपके किंवा विजेसारखी चमक दिसणे, पडदा ओढल्यासारखे वाटणे, सरळ रेघ वाकडी दिसणे, किंवा दिव्याभोवती रंगीत कडे दिसून डोळा दुखणे. दुकानातली कुठलीही स्क्रीन बदलता येते. दृष्टिपटल मात्र बदलता येत नाही.